कुप्रसिद्धी

कुप्रसिद्धी म्हणजे दुष्कृत्य, दुर्गुण किंवा अनिष्ट घटना यांमुळे व्यक्तीला, स्थळाला अथवा वस्तूला लोकांत मिळालेली ओळख. या नामाचे विशेषण कुप्रसिद्ध असे आहे. 'कुख्यात' हा त्याचा जवळचा समानार्थी शब्द असून 'दुष्कीर्ती', 'अपकीर्ती', 'दुर्लौकिक' आणि 'बदनामी' हे शब्दही याच अर्थक्षेत्रातील आहेत. मात्र हे सर्व शब्द एकमेकांच्या जागी जसेच्या तसे चालत नाहीत. विशेषतः 'कुप्रसिद्ध' आणि 'बदनाम' यांच्यातील फरक महत्त्वाचा आहे. पहिला शब्द वापरणारा समोरच्याचा दोष सिद्ध झाला आहे असे गृहीत धरतो, तर दुसरा शब्द तो प्रश्न मोकळा ठेवतो.

== व्युत्पत्ती ==

'प्रसिद्ध' हा संस्कृत 'सिध्' धातूपासून 'प्र' उपसर्ग लागून झालेला शब्द आहे. 'सिद्ध' म्हणजे पूर्ण झालेले, पक्के ठरलेले. 'प्रसिद्ध' म्हणजे सर्वांच्या दृष्टीने पक्के ठरलेले, म्हणून सर्वांना ठाऊक असलेले. 'ख्यात' हा शब्द 'ख्या' (सांगणे) या धातूपासून आला आहे. लोक ज्याच्याविषयी सांगतात तो ख्यात. दोन्ही शब्दांत मुळात चांगले-वाईट काही नाही. एका परिचित संस्कृत सुभाषितात माणसाने काहीही करून प्रसिद्ध व्हावे असा उपहासात्मक सल्ला दिलेला असून, त्यासाठी मडकी फोडण्यापासून गाढवावर बसण्यापर्यंतचे उपाय सुचवले आहेत. तेथे मिळणारी ओळख सन्मानाची नाही, हे उघड आहे. तरीही सुभाषितकाराला 'प्रसिद्ध' हा शब्द पुरला.

चांगल्या-वाईटाचा निवाडा 'कु' या घटकाने होतो. शालेय मराठी व्याकरणात 'कु' हा उपसर्ग म्हणून शिकवला जातो. संस्कृत व्याकरणातील 'प्र', 'परा' इत्यादी २२ उपसर्गांच्या यादीत मात्र तो नाही. तेथे तो समासाच्या आरंभी येणारे, निंदा दाखवणारे अव्यय मानला जातो. कुपुत्र, कुकर्म, कुमार्ग, कुरूप, कुविचार हे शब्द याच घडणीचे आहेत. पुढे स्वर आला तर 'कु'चे 'कद्' होते. 'कदन्न' म्हणजे निकृष्ट अन्न हे त्याचे मराठीत टिकलेले उदाहरण होय.

'सुप्रसिद्ध' आणि 'कुप्रसिद्ध' ही जोडी विरुद्धार्थी शब्द म्हणून पाठ केली जाते, परंतु ती वाटते तितकी समतोल नाही. 'सुप्रसिद्ध'मधील 'सु' मुख्यतः प्रमाण दाखवतो: अतिशय प्रसिद्ध, चांगलाच परिचित. 'कुप्रसिद्ध'मधील 'कु' प्रमाण दाखवत नाही, तो गुणवत्ता ठरवतो. थोड्या लोकांना माहीत असलेली वाईट गोष्ट कुप्रसिद्ध होत नाही आणि पुष्कळांना माहीत असलेली चांगली गोष्टही होत नाही. प्रसिद्धी आणि वाईटपणा या दोन्ही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. 'अप्रसिद्ध' हा शब्द या जोडीच्या बाहेरचा आहे. त्याचा अर्थ लोकांना माहीत नसलेला, किंवा हस्तलिखिताच्या बाबतीत, अद्याप छापून न निघालेला असा होतो. 'प्रसिद्ध होणे' याचा 'प्रकाशित होणे' हा जो दुसरा अर्थ मराठीत रुळला आहे, तो 'कुप्रसिद्ध'ला कधीच लागू होत नाही. कितीही वाईट पुस्तक असले तरी ते प्रसिद्धच होते.

== 'कुप्रसिद्ध' आणि 'बदनाम' ==

'बदनाम' हा शब्द फारसीतून आला. 'बद' म्हणजे वाईट आणि 'नाम' म्हणजे नाव. (फारसी 'नाम' आणि संस्कृत 'नामन्' हे शब्द मुळात एकाच घराण्यातले आहेत.) वरवर पाहता तो 'कुप्रसिद्ध'चा फारसी भाऊ वाटतो. वाक्यात वापरून पाहिले की दोघांचे स्वभाव वेगळे असल्याचे ध्यानात येते.

"त्याला विनाकारण बदनाम केले" हे वाक्य कोणताही मराठी भाषक सहज बोलतो. "त्याला विनाकारण कुप्रसिद्ध केले" हे वाक्य व्याकरणदृष्ट्या चुकीचे नसले तरी कानाला खटकते. बदनामी दुसऱ्याकडून केली जाऊ शकते, ती खोटी असू शकते, तिच्याविरुद्ध तक्रार करता येते. कुप्रसिद्धी मात्र ज्याची त्याने आपल्या कृत्याने ओढवून घेतलेली असते, असे भाषा मानते. म्हणूनच 'बदनामीचे कारस्थान', 'बदनामीचा डाव' हे शब्दप्रयोग आहेत, पण 'कुप्रसिद्धीचा डाव' असा प्रयोग रूढ नाही. निर्दोष मनुष्य बदनाम होऊ शकतो. निर्दोष मनुष्याला कुप्रसिद्ध म्हणणे हा शब्दाचा चुकीचा वापर ठरतो, आणि त्या मनुष्यावरचा अन्यायही.

वस्तू, स्थळे आणि घटना यांच्या बाबतीत ही अडचण कमी येते. वारंवार अपघात होणारा घाट, कैद्यांच्या छळासाठी ओळखले जाणारे कारागृह, फसवणुकीचा गाजलेला व्यवहार यांना 'कुप्रसिद्ध' म्हणताना कोणाच्या अब्रूला थेट हात घातला जात नाही. तरीही वाईटपणा नेमका कोणाच्या पदरी टाकला जात आहे, हे वाक्यातून स्पष्ट असणे इष्ट असते. १९०६ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या अंदमानच्या सेल्युलर जेलला कुप्रसिद्ध म्हटले जाते, ते तेथे राजबंद्यांना दिलेल्या वागणुकीमुळे; त्यात बंदिवास भोगलेल्यांमुळे नव्हे.

== यश, अपयश आणि लौकिक ==

संस्कृतात 'यशस्' म्हणजे कीर्ती आणि 'अपयशस्' म्हणजे दुष्कीर्ती. मराठीत या शब्दांचा अर्थ सरकला. आज 'यश' म्हणजे हाती घेतलेल्या कार्यात मिळालेली सिद्धी आणि 'अपयश' म्हणजे ती न मिळणे. परीक्षेत अपयश आलेल्या विद्यार्थ्याची कोणी अपकीर्ती झाली असे म्हणत नाही. रणांगणावर जय आणि कीर्ती एकदमच पदरात पडत असल्याने या अर्थांतराची वाट समजण्याजोगी आहे. हिंदीत मात्र 'अपयश'चा जुना अर्थ टिकून आहे. तेथे तो शब्द बदनामीसाठी येतो. हिंदी उताऱ्याचे भाषांतर करताना विद्यार्थी येथे हमखास फसतात.

'कीर्ती'चा अर्थ सरकला नाही, त्यामुळे 'अपकीर्ती' आणि 'दुष्कीर्ती' हे शब्द मूळ अर्थाने शिल्लक राहिले. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला युद्धास प्रवृत्त करताना जे मुद्दे मांडतो, त्यांत अकीर्तीचा मुद्दा ठळक आहे. प्रतिष्ठित माणसाला ती मरणाहूनही दुःसह होते, असे तेथे प्रतिपादले आहे. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातील उत्तमलक्षणांच्या समासात रामदासांनी अपकीर्ती टाळून सत्कीर्ती वाढवण्याचा उपदेश केला आहे. हे दोन्ही संदर्भ कीर्तीला आचरणाचे फळ मानणारे आहेत. या परंपरेत 'अपकीर्ती' हा शब्द भय दाखवण्यासाठी येतो, कोणावर शिक्का मारण्यासाठी नव्हे.

मराठीचा स्वतःचा, आणि आज थोडा मागे पडलेला, शब्द 'दुर्लौकिक' हा आहे. 'लौकिक' म्हणजे लोकांतील, लोकांकडून आलेले. त्यावरून 'नावलौकिक', 'लौकिक मिळवणे' हे प्रयोग झाले. आपल्याविषयीचे मत लोक बनवतात आणि ते लोकांच्याच ताब्यात राहते, ही जाणीव या शब्दात जितकी स्पष्ट आहे तितकी 'कुप्रसिद्धी'त नाही.

== गुन्हेवार्तांमधील विशेषणे ==

वृत्तपत्रीय मराठीत 'कुख्यात' हा शब्द बहुधा गुंड, तस्कर, टोळीप्रमुख यांच्यापुरता राखीव झाला आहे, तर 'कुप्रसिद्ध' स्थळे, घटना आणि कायदे यांनाही लावला जातो. 'कुख्यात' हा हिंदी आणि बंगालीतही नित्याचा शब्द आहे.

गुन्हेगारांसाठी मराठीने आणखी काही विशेषणे घडवली आहेत आणि त्यांचा उगम पाहिला तर मौज वाटते. 'सराईत' म्हणजे मुळात सवयीने तरबेज झालेला. सराईत हाताने रांगोळी काढणारी स्त्री आणि सराईत चोर यांचे विशेषण एकच. 'अट्टल' पक्केपणा दाखवतो. 'नामचीन' हा हिंदीत आदराने वापरला जाणारा शब्द मराठी बातम्यांत बहुतेक वेळा गुंडाच्याच मागे उभा असतो. 'नामी' हा शब्द मात्र या संगतीतून वाचला. 'नामी युक्ती' अजूनही कौतुकाचीच असते. 'तडीपार' हे विशेषण या सर्वांहून वेगळे आहे, कारण ते लोकमतावर नव्हे तर प्रशासनाच्या लेखी हद्दपारीच्या आदेशावर आधारलेले असते.

या विशेषणांच्या वापरात एक ढिलाई वारंवार आढळते. पोलीस ज्याला पकडतात तो 'संशयित' किंवा 'आरोपी' असतो. न्यायालयात दोष सिद्ध झाल्यावर तो 'दोषी' ठरतो. 'कुख्यात' किंवा 'सराईत' हे शब्द ही पायरी ओलांडून जातात.

== वाक्प्रचार ==

बोलीत 'कुप्रसिद्ध' हा शब्द क्वचितच ऐकू येतो. तो लेखी भाषेचा शब्द आहे. घरगुती बोलण्यात 'नाव' या शब्दाभोवतीचे वाक्प्रचार हे काम करतात. 'नाव काढणे' म्हणजे घराण्याची कीर्ती वाढवणे, 'नाव घालवणे' म्हणजे ती बुडवणे, 'नाव बद्दू करणे' म्हणजे नावाला काळिमा लावणे. 'नाव ठेवणे' हे बारशाचे काम, तर 'नावे ठेवणे' हे शेजाऱ्यापाजाऱ्यांचे. एका अनेकवचनाने अर्थ उलटा झाला आहे.

'नावाला बट्टा लागणे' या प्रयोगाचा उगम सराफकट्ट्यावरचा आहे. पूर्वी अनेक टांकसाळींची नाणी एकाच वेळी चलनात असत. झिजलेले किंवा कमी प्रतीचे नाणे घेताना सराफ त्याच्या दर्शनी किमतीतून जी घट कापून घेई, ती म्हणजे बट्टा. नाण्यावरचा ठसा तोच राहतो, पण बाजार त्याला पूर्ण किंमत देत नाही.

'बोभाटा', 'बभ्रा' आणि 'गवगवा' हे शब्द गोष्ट चहूकडे पसरण्याच्या क्रियेवर भर देतात. 'नाचक्की', 'नामुष्की', 'फजिती' हे शब्द त्या प्रसंगी होणाऱ्या मानभंगाचे आहेत. 'नामुष्की'चे नाते अब्रू या अर्थाच्या 'नामूस' या शब्दाशी आहे. मानभंग प्रसंगापुरता असतो आणि काळाने विसरला जातो. कुप्रसिद्धी टिकाऊ असते. 'लोकांत शोभा होणे' हा उपरोधिक प्रयोग याच रांगेतला. उपरोधाच्या जोरावर साधे 'प्रसिद्ध'ही 'कुप्रसिद्ध'चे काम करू शकते: "त्यांचा वक्तशीरपणा प्रसिद्धच आहे" हे वाक्य कोणत्या सुरात उच्चारले, यावर त्याचा अर्थ ठरतो.

== विशेषनामाचे सामान्यनाम ==

कुप्रसिद्धीची परमावधी होते तेव्हा माणसाचे नावच दोषाचे नाव बनते. विशेषनामाचा सामान्यनामाप्रमाणे उपयोग हा व्याकरणातील परिचित भाग आहे आणि त्याची पाठ्यपुस्तकी उदाहरणे बहुतेक पुराणांतली असतात: भांडणे लावणारा नारद, कपटी सल्ला देणारा शकुनी. मराठी इतिहासातील काही व्यक्तींच्या वाट्यालाही हे आले आहे.

घाशीराम हा सवाई माधवरावांच्या काळात पुण्याचा कोतवाल होता. १७९१ साली कोठडीत कोंडलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी अनेक जण गुदमरून मरण पावले आणि प्रक्षुब्ध जमावाने घाशीरामाला दगडांनी ठेचून मारले. मोरोबा कान्होबा यांचे 'घाशीराम कोतवाल' हे पुस्तक १८६३ मध्ये निघाले, आणि विजय तेंडुलकर यांचे त्याच नावाचे नाटक १९७२ मध्ये रंगभूमीवर आले. त्यानंतर जुलमी अधिकाऱ्यासाठी 'घाशीराम' हे नाव सर्रास वापरले जाऊ लागले. येथे निदान मूळ घटना इतिहासात नोंदलेली आहे.

आनंदीबाईंची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी केला. रामशास्त्री प्रभुणे यांनी या प्रकरणी रघुनाथरावांना दोषी ठरवले. लोकपरंपरेने मात्र या खुनाचे मर्म एका अक्षरात साठवले: 'धरावे' या आज्ञेतील 'ध'चा आनंदीबाईंनी 'मा' केला, अशी कथा रूढ झाली आणि 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार भाषेत कायमचा बसला. या कथेच्या सत्यतेविषयी इतिहासकारांत एकमत नाही. परंतु वाक्प्रचाराला पुराव्याची गरज भासत नाही. तो वापरणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडून आरोप पुन्हा एकदा उच्चारला जातो. फितुरीसाठी घेतले जाणारे सूर्याजी पिसाळ हे नावही असेच आहे. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला त्याचा दोष परंपरेने त्याच्या माथी मारला आहे. त्याविषयी इतिहासलेखकांत मतभेद झाले असले तरी बोलण्यातला 'सूर्याजी पिसाळ' त्यामुळे बदललेला नाही.

== समूहांवर लादलेली कुप्रसिद्धी ==

व्यक्तीच्या बाबतीत निदान एखाद्या कृत्याचा उल्लेख करावा लागतो. समूहाच्या बाबतीत तेवढेही बंधन राहत नाही. ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानातील काही भागांपुरता होता. पुढे त्याची व्याप्ती वाढत गेली आणि १९११ च्या कायद्याने त्याला देशव्यापी रूप आले. या कायद्याखाली अधिसूचित झालेल्या जमातीत जन्मलेला मनुष्य, त्याने काहीही केलेले नसले तरी, नोंदणीस आणि हजेरीस पात्र ठरू शकत असे. अशा जमातींना ठेवण्यासाठी 'सेटलमेंट' नावाच्या वसाहती उभारण्यात आल्या. महाराष्ट्रात सोलापूरची सेटलमेंट त्यांपैकी विशेष माहितीची आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला आणि या जमातींना 'विमुक्त' ही संज्ञा मिळाली.

कायदा गेला, शब्द राहिले. 'भामटा' हा शब्द मराठी शब्दकोशात ठक, लबाड या अर्थाने आढळतो आणि महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत तेच जातीचे नाव आहे. 'उचल्या' या शब्दाचेही तसेच झाले. लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनाला हेच नाव दिले. त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शिवी म्हणून फेकलेला शब्द लेखकाने मुखपृष्ठावर ठेवल्याचे हे उदाहरण आहे. "अमुक जमात चोरीसाठी कुप्रसिद्ध होती" अशी वाक्ये जुन्या जिल्हा गॅझेटियरांच्या आधारे लिहिलेल्या मजकुरात अजूनही सापडतात. त्या वाक्यांत जमातीविषयी जितकी माहिती असते, त्याहून अधिक माहिती ती लिहिणाऱ्या राजवटीविषयी असते. असे वाक्य वापरावयाचे झाल्यास "ब्रिटिश प्रशासनाने या जमातीची गुन्हेगार म्हणून नोंद केली होती" अशी रचना करणे वस्तुस्थितीला धरून होय.

== कायद्यातील स्थान ==

भारतीय कायद्यात 'कुप्रसिद्ध' असा गुन्ह्याचा किंवा व्यक्तीचा प्रकार नाही. कायदा ओळखतो ती अब्रुनुकसानी, म्हणजे बोलीतली बदनामी. १८६० च्या भारतीय दंड संहितेत ती कलम ४९९ व ५०० मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम ३५६ मध्ये आहे. आरोप खरा असणे एवढाच बचाव फौजदारी कायद्यात पुरेसा नाही. तो प्रकट करणे सार्वजनिक हिताचे होते, हेही दाखवावे लागते.

लौकिक हा पुरावा होऊ शकतो का, या प्रश्नाचे उत्तर कायद्याने दोन प्रकारे दिलेले आहे. १८७२ च्या पुरावा अधिनियमाने असे ठरवले की फौजदारी खटल्यात आरोपीचे पूर्वीचे वाईट चारित्र्य सर्वसाधारणतः गैरलागू असते. आरोपीने स्वतःच्या चांगल्या चारित्र्याचा पुरावा दिला तरच त्याला उत्तर म्हणून ते पुढे आणता येते. याउलट १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ११६ मध्ये, चांगल्या वर्तणुकीचे जामीनपत्र घेण्याच्या कार्यवाहीपुरते, एखादी व्यक्ती सराईत अपराधी आहे हे तिच्या सर्वसाधारण लौकिकावरून शाबीत करण्यास मुभा होती.

== लेखन ==

'कुप्रसिद्ध' या शब्दात 'द' प्रथम व 'ध' नंतर, म्हणजे 'द्ध' असे जोडाक्षर आहे. 'ध्द' असे लिहिणे चूक होय. नाम 'कुप्रसिद्धी' असे दीर्घान्त लिहावे. मूळ संस्कृत शब्द ऱ्हस्व इकारान्त असला तरी मराठीत तो स्वतंत्रपणे येताना दीर्घ होतो. समासात तो पूर्वपदी आल्यास ऱ्हस्वच राहतो, जसे 'प्रसिद्धिपत्रक', 'कीर्तिस्तंभ'. 'कुख्याती' हे नाम व्याकरणशुद्ध असले तरी वापरात विरळ आहे.

कारण दाखवण्यासाठी आज 'साठी' हे शब्दयोगी अव्यय सर्वत्र दिसते: "अपघातांसाठी कुप्रसिद्ध". 'साठी'ने मराठीत मुख्यतः हेतू दाखवला जातो, त्यामुळे अपघात व्हावेत असा कोणाचा तरी हेतू असल्याचा भास होतो. 'बद्दल', 'मुळे' किंवा 'म्हणून' यांनी तोच अर्थ नेटका येतो: "अपघातांमुळे कुप्रसिद्ध असलेला घाट", "अपघातांचा म्हणून कुप्रसिद्ध झालेला रस्ता".